किती उशा

सोहारचा सरकारी दवाखाना, एको रूम तीन.
डॉक्टर इद्रीस सुदानचे, मी गुहागरची,
आणि टेबलावर डाव्या कुशीला
सफूरा परकार, हर्णै, सातवा महिना.

ते विचारतात, मी मराठीत आणते:
रात्री किती उशा घेतेस?

ती हसते. हा कसला प्रश्न.
पाचव्या महिन्यापर्यंत एक.
मग दोन. लियाकत बंदरावर रात्रपाळीला जातो,
त्याची उशी रिकामीच असते.
आता त्यांवर ब्लँकेट गुंडाळून,
आणि पहाटेला नुसती भिंत.
तो येतो तेव्हा मी चहा टाकलेला असतो,
त्याला काय कळणार?
मला वाटलं, एसीचं असेल.

जेल थंड लागलं, ती शहारली.
पडद्यावर झडप.
उघडायची तेवढी उघडत नाही;
बर्फावरच्या माशाचं तोंड असतं तशी,
कडा जाड, कोपरे चिकटलेले.
हर्णैच्या लिलावात अशी हजार तोंडं
पाहिली असतील हिने.
मी पडदा तिच्याकडे वळवला नाही.

लहानपणी कधी सांधे सुजले होते?
हो, चौथीत. घसा, ताप, मग गुडघे.
आई म्हणाली, वाढीचं दुखणं.
दापोलीचे डॉक्टर म्हणाले, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन.
किती घेतलीस?
घेतली की. सात-आठ.
मग बरं वाटलं.

या 'बरं वाटलं'ला
माझ्या इंग्रजीत धड शब्द सापडेना.

मग डॉक्टर, चष्मा काढून, जरा चिडूनच:
हिला दिवस राहू द्यायचे कोणी ठरवलं?
मी भाषांतर केलं:
घरी कोण कोण असतं?

कोणी नाही, ती म्हणाली. खोलीत पडद्यापलीकडे
एक केरळची बाई आहे. ती खोकला ऐकते
आणि भिंतीवर टकटक करते.

ते बलूनबद्दल बोलले, मस्कतबद्दल,
खर्चाचं खाली काउंटरवर विचारा म्हणाले.
'व्हिजिट व्हिसा' लिहिताना
सिस्टरचं पेन थांबलं, आणि पुन्हा चालू लागलं.

ते गेल्यावर, माझं काम नसताना,
मी प्रोब पोटावर खाली सरकवला.
एकशे अठ्ठेचाळीस. घाईत असलेलं,
कुणाची परवानगी न विचारलेलं.
हे मात्र तिला दाखवलं.

रात्री ड्यूटी संपवून वॉर्डात डोकावले.
पलंगाचा दांडा कोणीतरी फिरवून ठेवलेला,
ती टेकून बसलेली,
उशी एकच, तीही मांडीवर.
बाई, म्हणाली,
इकडे खाटच उठून बसते.