नऊ आकड्यांचं नाव

देवगडच्या दीपगृहाखाली एक खोली आहे.
तिथं मी रात्री जहाजं बघते.
बघते म्हणजे काय, तीच सांगत येतात:
नऊ आकडे, वेग, दिशा, कुठून कुठं,
पोटात कोळसा की गहू.
एवढ्या लोखंडाचा पडद्यावर हिरवा त्रिकोण,
उकड्या तांदळाच्या शितापेक्षा लहान.

आमच्या होड्यांचे त्रिकोण क्वचितच उमटतात.
निम्म्यांनी यंत्र बसवलं नाही,
निम्म्यांनी बॅटरी वाचवायला बंद ठेवलंय,
आणि बाबल कोयंडेंनी तर त्यावर
जाळं विणायची सुतं अडकवलीत.
मी बोलले, तर म्हणाले,
“माका दर्यो बघूक कधी यंत्र लागला नाय.
तुका कित्याक लागता?”

पावणेतीनला कोलंबोहून निरोप आला.
तिकडं निलुका बसते. तिला मी पाहिलेलं नाही.
दोघींचं इंग्रजी मोडकं, पण मोडतं वेगवेगळ्या जागी,
म्हणून निभावतं.
एकदा तिनं विचारलं होतं,
तुमच्याकडे मासे नारळात शिजवतात का?
मी म्हटलं, आणखी कशात शिजवणार?

आज ती मासे बोलली नाही.
एक जहाज तिच्याकडून निघालं,
कोचीनं पाहिलं, गोव्यानं पाहिलं,
मग नऊचे नऊ आकडे विझले.
“शेवटचा वेग बारा. तोंड उत्तरेला.
आता तुझ्या पाण्यात असेल.”

तुझ्या पाण्यात!
जसं काही मी कुंपण घालून ठेवलंय.

रडारवर एक डाग सापडला. बिननावाचा.
सोळा नंबरवर हाका मारल्या, तीनदा.
खरखर. नुसती खरखर.
आणि डागाच्या नाकासमोर, तीन मैलांवर,
बारीकसा दुसरा डाग,
जो मला रडारनं सांगितला नाही,
बंदरावरच्या वहीनं सांगितला.
संध्याकाळी मीच लिहिलं होतं:
गिरोबा प्रसाद, पाच माणसं,
डिझेल दीडशे लिटर, जाळं नैर्ऋत्येला.

तीन मैल. बारा नॉट.
पंधरा मिनिटं. हा हिशोब शाळेतलं पोरही करील.

बाबलकाका सेट उचलत नव्हते.
उचलला तो विजयदुर्गच्या हुसेन मुजावरांनी,
त्यांना वयोमानानं झोप येत नाही म्हणून.
त्यांनी इंजिन मारलं, बॅटरी फिरवली
काळोखात इकडून तिकडं,
आणि मग यंत्राबिंत्राच्या पलीकडची ती हाक,
जी मी त्यांच्याच सेटवरून ऐकली:
“उठ रे मेल्या, डोंगर येता हा अंगावर!”

लहानपणी रापण ओढायला आई मला दोरीला लावायची.
दुसऱ्या टोकाला कोण आहे, मी विचारायचे.
वाळूवर काळोख, पलीकडची माणसं दिसत नसत.
ती म्हणायची, बघू नको, ओढ.
त्यांनी सोडली तर तुझ्याच हाताला कळेल.

चार वाजून दहाला जहाज परत उजळलं.
नऊ आकडे, वेग बारा, जणू काही झालंच नाही.
ब्रिजवरची वीज गेली होती म्हणे,
कप्तान फार नम्रपणे बोलला.
दोनशे हातांवरून आपण कुणाच्या कडेनं गेलो,
हे त्याला मी सांगितलं तेव्हा
तो बराच वेळ बोललाच नाही.
मी ते मुंबईला सोपवलं, मुंबई कांडल्याला सोपवील.

सकाळी बाबलकाका आले.
पाय ओले, खांद्यावर तुटक्या जाळ्याचा बोंगा.
आभारबिभार नाहीत.
“चाळीस हजारांचा जाळा कापला मी.
लिही ता. त्या कोलंबोवालीक पण कळव.”
आणि सुतं काढून घेतली की नाही यंत्रावरची,
ते मी विचारलं नाही.

निलुकाची पाळी संपायला आली होती.
तिनं एकच ओळ टाकली:
होडीत किती होते?
मी टाकलं: पाच.
तिकडून बराच वेळ काही नाही.
मग: पाच आले?
पाच आले, मी लिहिलं,
आणि मग जाळ्याचंही लिहिलं.