मापाची सुतळी

साखर पेठेतल्या घरी, जुन्या मागाच्या फळीमागे
पणजोबांची वही निघाली. येल्लय्या चिलका.
आकडे तेलुगू, अक्षर मोडी, डाग खळीचे.
गावाचं नाव नाही. नुसतं : सरकारवाडा.
सोलापुराहून बैलगाडीनं एक रात्र.

येल्लय्यानं तिथं मान वर केलीच नसावी.
वहीत छत नाही, झुंबर नाही, तसबिरी नाहीत,
फक्त जमीन आहे, हातांनी मोजलेली :

दरबार. बेचाळीस हात लांब, अठरा रुंद.
जाजम एकसंध, जोड दिसता कामा नये.
गादीपासून पहिल्या मानकऱ्यापर्यंत पाच हात,
दुसऱ्यापर्यंत सात.
सावकार बसतो तिथं वीण घट्ट घालणे,
तो फार चुळबुळतो.

जामदारखाना. पडदा नको,
दारात दोन शिपाई आहेत, तोच पडदा.
मुदपाकखाना. काही नको, धूर सगळं खातो.
पिलखाना. हत्ती मागल्या दसऱ्याला मेला.
झूल तरी मागितली आहे.

मग एक पान जवळजवळ कोरं.
वर एवढंच : राणीवसा. आत पुरुषाला मज्जाव.
माप लच्चम्मानं घेतलं.

लच्चम्मा त्याची धाकटी बहीण, वय तेरा,
कांड्या भरायची. अक्षराशी ओळख नाही.
तिनं सुतळी नेली.

ती सुतळी अजून वहीच्या पुठ्ठ्याला गुंडाळलेली होती.
काल गच्चीवर मी ती उलगडली.
खाली टॉवेलचा कारखाना धडधडत होता.
एकेरी गाठ, हात संपला.
दुहेरी गाठ, भिंत.
लाल धागा, दार.
हे मला कुणी सांगितलं नाही.
मागावर बसलेल्या बोटांना सांगावं लागत नाही.

चौक. लाल धागा. देवघर, चार गाठी.
बाळंतिणीची खोली एवढीशी
की कूस बदलताना कोपर आपटावं.
मग बोळ :
एकवीस गाठी आणि एकही लाल धागा नाही.
एकवीस हात नुसतं चालायचं.
शेवटी खिडकी, जमिनीलगत, रस्त्याच्या अंगाची.
पडद्याची उंची मोजणारी गाठ तिथं दोनदा आहे :
एक दातांनी सोडवलेली, पीळ अजून तसाच,
आणि चार बोटं अलीकडे दुसरी, करकचून.

वहीच्या पुढल्या पानावर हिशेब :
खिडकीचा पडदा चार बोटं तोकडा भरला.
कारभारी संतापले. चूक पोरीची.
सव्वा रुपया कापला.

चूक कसली.
सुतळीची गाठ दातांनी सोडवायला वेळ लागतो,
तेवढा वेळ कुणीतरी तिथं उभं असणार,
बांगड्या आवरून धरत.
एकीला मराठी, एकीला तेलुगू.
चार बोटं दाखवली असतील. पुरली असतील.
आणि घरी येऊन लच्चम्मा बोलली नाही,
सव्वा रुपयाचा मार खाल्ला असेल तरीही.

चार बोटांतून काय दिसतं, मी करून पाहिलं.
आमच्या खिडकीचा पडदा तेवढाच वर खोचला
आणि फरशीवर आडवा झालो :
सायकलचं अर्धं चाक,
सांडलेलं पाणी चाटणारं कुत्रं,
कुणा बाईच्या टाचा, भेगाळलेल्या, घाईत.
माणसं गुडघ्यापर्यंतच येतात,
पण येतात.

म्हणजे तिलाही गाल टेकवावा लागत असणार,
भर दुपारी, सगळा वाडा निजला असताना,
आमच्याच सतरंजीवर.
उठल्यावर गालावर वीण उमटत असेल.
दासींनी विचारलं तर काय सांगत असेल,
मला सुचत नाही.

वहीत राणीवशाचं नाव आणखी एकदाच येतं,
दोन वर्षांनी, पिलखान्याच्या रद्द झालेल्या झुलीखाली :
बोळाच्या खिडकीस नवा पडदा.
पोर पाठवू नये.
माप मागीलप्रमाणे.