पायाले इचारा

यादीत मी लिहिलं होतं: टप्पा एक, आवाज ऐकणे.
टप्पा दोन, दोष ओळखणे.
मधली ओळ कोरी.

वडनेरच्या जिनिंगात चोवीस रेचे एका दमात घरघरत होते
आणि उरकुडा नेहारे म्हणाला, "अकरा नंबर. सुरी घासते."
कसं कळलं?
"मले काय मालूम, बाई. कळते."

तीन दिवस मी त्याच्या कानांकडे पाहत राहिले.
कानांत तर कापूस.

चौथ्या दिवशी दिसलं:
ओळीत शिरण्याआधी तो चपला काढतो
सरकीच्या ढिगापाशी,
आणि चालताना टाच जराशी रेंगाळते
प्रत्येक रेच्यासमोर.
"मंग पायालेच इचारा," म्हणून हसला.

आम्ही फळी केली. साग, खाली कूलरची जुनी मोटर,
पात्याला एकीकडे नट बांधून मुद्दाम बिघडवलेली.
आयटीआयची पोरं डोळे बांधून उभी राहतात, अनवाणी,
बोटांनी नंबर दाखवतात.
चुकलं तर लाल दिवा. बस्स.
पंधरवड्यात गुंफा कोवे दहातले आठ ओळखू लागली.

उरकुड्याला बोलावलं.
तो फळीवर उभा राहिला, बराच वेळ,
डावा हात नेहमीसारखा खिशात.
"बराबर हाय," म्हणाला. "पन हिच्यात भेव नाही."
मग हात बाहेर काढून
उरलेल्या तीन बोटांनी त्यानं मोटर बंद केली.

पुस्तिका छापायला गेली आहे.
पान एक, नियम एक, माझाच:
यंत्राजवळ बूट सक्तीचे.
मधल्या ओळीत काय लिहू,
प्रेसवाला दोनदा विचारून गेला.