कारूनची खोली

खुर्रमशहरचा नावाडी खलफ सांगतो,
इथं नदी बारा पुरुष खोल.
पोरं नावेच्या काठाला घट्ट धरतात.
बसऱ्याहून आलेला मिझहर
फोटो काढायचा थांबतो.

चार पुरुष. पलीकडं तीनच.
त्यानंच मोजली होती, अंधारात,
दोरीला गाठी मारून, शिसं सोडून,
पूल टाकायच्या आदल्या रात्री.
अंगठ्याला गाठी अजून पाठ आहेत.

"बारा नसेल,"
तो म्हणून जातो.

वल्हं थांबतं.
खलफ त्याच्या पांढऱ्या मिशा बघतो,
मग हात.
जवळ सरकून, त्याच्याच बोलीत:
"चारच आहे, हाजी.
पण माझा भाऊ
अजून तळाला टेकलेला नाही."

आणि वळून, पोरांना, मोठ्यानं:
"बारा! बारा पुरुष!
हात आत घ्या रे."

मिझहरही हात आत घेतो.