हातचा

मी तिकीट-खिडकीत बसते. टॉवेल देते,
लॉकरच्या किल्ल्या परत घेते.
आइसलँडच्या या उत्तर टोकाला
जानेवारीत अकरा वाजता उजाडतं,
आणि त्याच्या कितीतरी आधी म्हातारी मंडळी
उघड्यावरच्या गरम कुंडात
गळ्यापर्यंत बुडून राजकारण करतात.

त्या दिवशी वाफेत एक वाक्य अर्धंच राहिलं.
स्टेइनार, बंदराचा हिशेबनीस,
कुठल्या बोटीनं किती कॉड उतरवला
हे चाळीस वर्षांचं तोंडपाठ असलेला,
बोलता बोलता त्याची हनुवटी पाण्यात गेली.

तिघांनी ओढून काढला. फरशीवर बर्फ.
मी धावले, पायात नुसते मोजे.
चौदा वर्षांचा कारी भिंतीवरचं यंत्र घेऊन आला.
छाती आधी कोरडी करा, म्हणाला,
शाळेत शिकवलं होतं म्हणे.
हाताला लागला तो टॉवेल घेतला. कुणाचा, कोण जाणे.

एक, दोन, तीन… तीस. दोन श्वास. पुन्हा एक.
सातव्या की आठव्या दाबाला आत काहीतरी मोडलं,
वाळल्या माशाच्या काट्यासारखं.
मी थांबले नाही.
थांबायचं मात्र होतं मला. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

यंत्रातली बाई म्हणाली, दूर व्हा.
तिला कसलीच घाई नव्हती.

अकुरेरीच्या इस्पितळात उन्नूरनं विचारलं, जगेल?
डॉक्टर म्हणाल्या, तीन दिवस तरी विचारू नका.
डोळ्यांतल्या बाहुल्या बघू, मेंदूच्या लाटा बघू.
जगलाच, तर कोण म्हणून जगेल?
हे उन्नूरनं त्यांना नाही, मला विचारलं, फोनवर, रात्री.

शंभरातले किती वाचतात, ते मी विचारून घेतलं.
दहा. बारा. कुणी पाहिलं का,
कुणी लगेच हात लावला का, त्यावर.
त्या संध्याकाळी कपाटातले टॉवेल मोजले.
सकाळी शंभर होते.
अकरा उरले होते.

मार्चात तो परतला.
चालतो. जेवतो. उन्नूरला नावानं हाक मारतो.
निकाल चांगला, असं कागदावर लिहिलंय.
तिथल्या मुलीनं त्याला बेरीज घातली होती,
सत्तावीस अधिक अडतीस.
त्यानं पंचावन्न लिहिलं.
आणि त्या पाचाकडे बराच वेळ बघत म्हणाला,
इथे काहीतरी होतं.

आता रोज येतो. तिकीट घेतो.
पाच मिनिटांनी येऊन पुन्हा तिकीट मागतो.
दुसऱ्यांदा मी पैसे घेत नाही.
"थंडीत फासळ्या ठणकतात. कुणी केलं हे?"
"मी."
"जोर आहे तुझ्या हातांत," म्हणतो,
दर वेळी नव्यानं.

मग कुंडाकडे जातो, वाफेत दिसेनासा होतो.
मी खिडकीतून डोकी मोजते.
पाच.
वाफ जराशी हलू देते.
पाच, आणि हातचा एक.