काठ हलतो तेव्हा

रात्रीचे दोन. टार्टू. बाहेर उणे एकोणीस,
आत, काचेच्या पेटीत, साडेअठ्ठावीस.
माशाच्या गर्भाला माणसापेक्षा लाड जास्त.
सहा तासांचा हा एक, राईच्या दाण्याहून लहान,
आरपार दिसणारा;
आम्ही ज्याला हिरवा दिवा जोडला ते प्रथिन
त्याच्या एका अंगाला दाट, दुसऱ्या अंगाला विरळ.

लेझर रोखून मी त्या हिरव्यात भोक पाडते.
पाव सेकंद, आणि काळोख.
मग बघत बसायचं, थंड कॉफी हातात घेऊन.
शेजारचे रेणू येतात. कुणी बोलावत नाही त्यांना,
वाट्टेल तिकडे भरकटतात,
तरी भोक भरत जातं.

बाबांनी हे शिकवलं तेव्हा रेणू नव्हते, सळई होती.
स्वयंपाकघरातलं टेबल, मी सोळाची,
बिलाच्या पाठीवर त्यांची बारकी पेन्सिल:
समज, उत्तर म्हणजे दोघांचा गुणाकार,
एक फक्त जागेचा, एक फक्त वेळेचा.
आता भाग दे.
डावीकडे जागेचा मागमूस नाही,
उजवीकडे वेळेचा नाही,
आणि तरी दोन्ही बाजू समान. सदैव. सगळीकडे.
कसं शक्य आहे, मारेट?

ज्यांचा एकमेकांशी संबंधच उरला नाही
ते समान कशाला असतील, मी म्हटलं.

दोघंही हलत नसतील तरच, ते म्हणाले,
आणि एक लंगडा लॅम्डा काढला,
त्याच्या आधी उण्याची रेघ.

आमच्या भाषेत विभक्त्या चौदा.
मी सात वर्षांची असताना
त्या दोघांना एकच पुरली: पासून.
वाटणीवरून वाद झाला नाही.
घड्याळं बाबांकडे, सोमवार-बुधवारची व्याख्यानं,
शनिवारचा सौना बरोब्बर पाचला.
आईकडे सारेमा बेटावरचं घर,
दगडी कुंपण, जुनिपरची झुडपं,
आणि कुठल्याही खिडकीतून पाहिलं तरी समुद्र.
मधे बोट, बोटीवर मी, गळ्यात नावाची चिठ्ठी.

दोन्ही घरी राईचा काळा पाव.
दोन्ही घरी कापायच्या आधी
सुरी डाव्या बाहीला पुसली जायची,
एकदा पुढे, एकदा मागे.
हे मी कुणालाच सांगितलं नाही.
दोन्ही घरी दाराच्या चौकटीवर
माझ्या उंचीच्या रेघा,
दोन वेगळ्या हस्ताक्षरांत तारखा.

आखूड सुरकुत्या आधी विझतात, बाबा म्हणायचे,
लांब लाट सगळ्यांत शेवटी.
खरंच. भांडणांचे शब्द गेले,
कुठली बशी फुटली तेही गेलं.

तीन आठवडे माझा आलेख बसत नाहीये.
सूत्राची रेघ एकीकडे, माशाची भलतीकडे.
बाबांना फोन केला. एक्याऐंशीचे आहेत, झोपत नाहीत.
सगळं ऐकून घेतलं. मग:
तुझ्या गर्भाला काठ आहे?
आहे.
तो जागेवर आहे?

पडद्यावर मी चाळीस मिनिटं मागे गेले, पुन्हा पुढे आले.
पिवळ्या बलकावरून पेशींची कड
खाली सरकली होती, टोपी कानावर ओढावी तशी.

मग माझी सळई का लादतेस त्याच्यावर?
सळई वाढत नव्हती, बाबा म्हणाले.
काठ हलतो तिथे वेळ जागेत शिरतो.
नाही होत ती वेगळी.
एकत्रच सोडवावी लागतात, थोडं थोडं, पाऊल पाऊल,
आणि सुबक उत्तर मिळत नाही.

फोनवर त्यांची घड्याळं ऐकू येत होती,
सगळी थोडी पुढेमागे.
मी ठेवणार होते.

व्हिर्त्सूहूनच सुटते ना अजून, त्यांनी विचारलं,
ती बोट?

हो म्हटलं.
सकाळची कितीला, ते मला पाहावं लागलं.
पेटीत भोक जवळजवळ भरलं होतं;
नेमकं कुठे होतं
ते आता नोंदवही उघडल्याशिवाय सांगता येईना.