वाटोळं

अजमानला, मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत
आमचं टायपिंग सेंटर.
बाहेर एसीचं पाणी तेलाच्या डब्यात ठिबकतं,
आत आम्ही लोकांची नावं बडवतो:
व्हिसा, भाडेकरार, हरवल्या पासपोर्टचे अर्ज.

वा वा खाइंग आली शुक्रवारी, नमाज सुटल्यावर,
लॉन्ड्रीच्या निळ्या गणवेशात,
बाह्यांना गरम इस्त्रीचा वास.
नाव ऐकून मी हसलो.
म्हटलं, आमच्याकडे गाणं रंगलं की असं म्हणतात.
ती हसली नाही.
तिचं खोकं शारजाच्या गोदामात अडकलं होतं.
दुधाची पावडर, दोन चादरी,
आईच्या गुडघ्याला बांधायचा पट्टा.

कार्गोवाल्याच्या यादीत आईचं नाव शोधलं
की कॉम्प्युटर म्हणतो, नाही.
आणि नाव तर समोर, एकशे बाराव्या ओळीत.
काचेवर बोट ठेवून ती वाचून दाखवते,
दॉ ल्हा वे.
पुन्हा शोध.
नाही.

मग मी अक्षराच्या मागच्या दारानं आत शिरलो.
तिथं प्रत्येकाला एक नंबर असतो,
लेबर कॅम्पमधल्या खाटेला असतो तसा.
तिच्या भाषेतला व म्हणजे नुसता गोल.
शून्यही नुसता गोल.
व राहतो एक शून्य एक डी मध्ये,
शून्य एक शून्य चार शून्यात.
कुणीतरी घाईघाईत
आईच्या नावात शून्य दाबलं होतं.

इद्रिस, आमचा सुदानी मालक, खांद्यावरून डोकावला.
म्हणाला, हा तर पाच.
खरंच की.
समोरच्या सलूनच्या पाटीवर
पाच असाच बसलाय, गोल, पोट सुटलेला.

वा वा म्हणाली, आमच्यात नुसतं व म्हटलं
तरी अर्थ होतो: पोट भरलं.
आणि शून्याला?
थौन्न्या.
मी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला.
शून्यच की हे, जरा उन्हात वाळलेलं.
मला सातवीतला भोपळा आठवला,
सबनीस बाईंनी लाल शाईत काढलेला,
गच्च भरलेला आणि काहीच नसलेला.

आणि अण्णा आठवले.
आम्ही बऱ्हाटे. यादीत छापलं होतं बर्हाटे.
पापणीसारखा आमचा र
कुणी उचलून ह च्या डोक्यावर ठेवला होता.
शाळेच्या पडवीतला पोरगा म्हणाला,
आजोबा, या नावाचं कोणी नाही.
अण्णा घरी आले ते बोटाला शाई न लागता,
आणि दिवसभर ते बोट बघत बसले.

म्हणून असेल, मी घाई केली.
सगळी शून्यं एका फटक्यात व करून टाकली.
नाव सापडलं!
वा वा, मी म्हटलं, या वेळी तीही हसली.
मग तिनं शेजारचा रकाना पाहिला.
फोन नंबर.
तिथल्या शून्यांचंही मी पोट भरलं होतं,
दोनशे सात माणसांच्या.
वाटोळं केलं, मी म्हटलं,
आणि तिला त्याचा अर्थ सांगत बसलो नाही.

साडेपाचपर्यंत आम्ही दोघं एकेक गोल तपासत होतो.
हा भरलेला, हा रिकामा.
ती सांगायची, मी ठोकायचो.
मधे इद्रिसनं काळा चहा आणून ठेवला.
मधे तिनं आईला फोन लावून पाहिला.
मला एकच अक्षर कळलं,
बहुतेक जेवलीस का असं काही विचारलं असणार,
कारण पलीकडून आलं, व,
आणि त्यामागे एक छोटा खोकला.

इद्रिसनं पावती फाडली. पाच दिरहम.
रकमेच्या जागी त्यानं सवयीनं
एक गोल काढला.
वा वानं तो नीट पाहिला,
पावतीची घडी करून खिशात ठेवली,
मान लववली,
आणि पैसे न देता निघून गेली.

इद्रिसनं माझ्याकडे पाहिलं.
मी डब्यातलं पाणी ओतायला बाहेर गेलो.